जुनी लष्करी रायफल घेताना तिची अवस्था कशी ओळखायची?

चोरबाजारात भिंतीवर टांगलेली .303 (ब्रिटिश काळातली लष्करी रायफल) तुम्हाला आवडलीय, ‘चकाचक आहे’ असं तुम्ही लिहिलंय, आणि दुकानदार म्हणतो की बंद आहे, परवाना लागत नाही. घ्यावी का, हा तुमचा प्रश्न.

आधी कागद बघा. .303 आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे नळीच्या या मापाचं शस्त्र सामान्य माणसाला मनाई. केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय ती बाळगली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 7 वर्षांची कैद. 1959 च्या शस्त्र कायद्यातल्या कलम 45 ची सूट आहे, पण दुरुस्त करूनही कधी चालणार नाही अशाच जुन्या किंवा मोडक्या शस्त्राला. नळीतून आरपार उजेड दिसत असेल, चाप ओढल्यावर खटका पडत असेल, तर ‘बंद’ या शब्दावर मी विश्वास ठेवणार नाही. कागद नसेल तर हातसुद्धा लावू नका. पोलिसांच्या परवाना शाखेत विचारा, तेही व्यवहाराच्या आधी.

आता अवस्था. ‘चकाचक’ या शब्दानेच मला धास्ती वाटते. माझ्याकडे एक मार्टिनी-हेन्री (ब्रिटिश सैन्याची त्याहून जुनी, एकबारी रायफल) आहे, कायमची निकामी केलेली, कागदांसकट घेतलेली. दुकानात ती आरशासारखी चमकत होती आणि मी भुललो. घरी भिंग लावलं तेव्हा शिक्क्यातल्या मुकुटाच्या कडा गोल झालेल्या, खालची अक्षरं अर्धी पुसलेली. कुणीतरी बफिंगच्या चाकावर धरली होती. शंभर वर्षांत लोखंडावर चढलेला तो तपकिरी-काळा रंग एकदा गेला की परत आणता येत नाही, आणि त्याच्याबरोबर निम्मी किंमतही गेली.

लाकूड बोटाने तपासा. दस्त्याच्या टोकाला धातूची पट्टी असते, तिथे नख फिरवा. मूळ लाकूड पट्टीच्या पातळीला किंवा किंचित वर असतं. धातूची कड नखाला लागली तर पॉलिश पेपर मारलाय समजा.

खरा गंज नळीच्या आत आणि लाकडाखाली असतो. जुन्या काडतुसांच्या टोपीतला क्षार नळीत राहायचा आणि तो हवेतलं पाणी ओढतो. त्यात आपली मुंबईची हवा, तिची ओल लाकडाखालीही साचते. म्हणून वरचं लाकडी आवरण काढून दाखवायला सांगा. दुकानदार कुरकुरला तर तेच उत्तर. वर तांबूस भुकटी दिसली तर काळजी करू नका, ती तेलाने निघते. लोखंडाला खड्डे पडलेले असतील तर मात्र सोडून द्या.

बोल्टवरचा (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) आणि मुख्य भागावरचा नंबर एकच आहे का बघा. वेगळा असेल तर तुकडे जोडून केलेली. खोट्याही भरपूर फिरतात, वायव्य सरहद्दीकडच्या, खैबर खिंडीच्या भागातल्या कारागिरांच्या हातच्या. त्यांची चूक बहुधा शिक्क्यात सापडते: उलटा एन, चुकलेलं स्पेलिंग, किंवा व्ही. आर. (व्हिक्टोरिया रेजिना, म्हणजे राणी व्हिक्टोरिया) हा शिक्का आणि खाली 1907. व्हिक्टोरिया राणी 1901 च्या जानेवारीतच वारली होती!

घेतलीत तर घासू नका, पावसाळ्यात चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या पिशवीत कोंडू नका. मी जूनमध्ये सगळ्या लोखंडावर तेलाचा पातळ हात फिरवतो, लाकडाला अळशीचं तेल लावतो, आणि गणपतीपर्यंत दर रविवारी उघडून बघतो.