कोल्चिसिन, ट्युब्युलिन आणि सुजलेला अंगठा

दादा, तुम्ही विचारलंय की तासगावला वडिलांना गाऊटचा, म्हणजे युरिक अॅसिडनं सांधा सुजायचा, अटॅक आला, डॉक्टरांनी कोल्चिसिन दिली, आणि तुम्ही वाचलं की ही गोळी पेशीच्या सांगाड्यातल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रोटीनला चिकटते, तर सांगाड्याचा सुजेशी संबंध काय? आणि शेजारचे काका म्हणतायत ती कळलावीची मुळी उगाळून द्यावी का? मुळीचं आधी सांगतो, अजिबात देऊ नका, का ते पुढं येतंच.

मिरजेत ज्युनिअर कॉलेजला बायॉलॉजी शिकवण्यात माझी उमर गेली, पण हे प्रकरण खरं कळलं ते स्वतःचा अंगठा सुजल्यावर. भावकीत जत्रेचं मटण झालं, दुसऱ्या दिवशी रात्री दोनला उजव्या पायाचा अंगठा पेटला, लालबुंद, चादरीचा काठ लागला तरी जीव जायचा. बायकोनं हळदीचा लेप आणला, म्हटलं लांबूनच दाखव.

तर होतं काय, रक्तात युरिक अॅसिड दर १०० मिलिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर राहिलं की सांध्यात त्याचे सुईसारखे खडे धरायला लागतात. नुसते खडे वर्षानुवर्षं गप बसतात. एखाद दिवशी पांढऱ्या पेशी ते गिळायला जातात, आत 'इन्फ्लमासोम' नावाची प्रोटीनची जुळणी होते, त्यातून आयएल-१ बीटा नावाचं सूज भडकवणारं निरोप्या प्रोटीन बाहेर पडतं आणि मग आणखी पांढऱ्या पेशी रक्तातून सांध्यात धावतात. दुखतं ते ह्या गर्दीनं.

आता ट्युब्युलिन. त्याच्या दोन जातींच्या जोड्या एकापुढं एक लागून दोऱ्या होतात, अशा बहुतेक १३ दोऱ्यांची एक पोकळ नळी, जाडी २५ नॅनोमीटर. सांगाडा म्हटला की आपल्याला हाडं आठवतात, पण हा जत्रेचा मांडव आहे, एका टोकाला बांबू बांधतायत तोवर दुसरीकडं सोडतायत. ह्या नळ्यांवरूनच पेशीतला माल इकडून तिकडं जातो, इन्फ्लमासोम जुळायला लागणारे भाग जवळ येतात ते पण ह्यांच्यावरूनच, आणि पांढऱ्या पेशीला नीट दिशा धरून सरकायलाही त्या लागतात. कोल्चिसिन सुट्या ट्युब्युलिनला चिकटते, तो तुकडा टोकाला बसला की पुढची बांधणी अडते. पांढऱ्या पेशींत औषध बाहेर फेकणारा पंप कमी असतो म्हणून तिथं ते साठतं, त्यामुळं थोड्या डोसातही त्याच आधी ढिल्या पडतात. गंमत म्हणजे १९६० च्या दशकात ट्युब्युलिन सापडलं तेच कोल्चिसिन कशाला चिकटते हे शोधताना.

पण नळ्या सगळ्याच पेशींत असतात! आतड्याच्या पेशी सारख्या विभागत असतात, त्यांना फटका बसला की जुलाब, आणि डोस जास्त झाला तर रक्त तयार होणंच थांबतं. म्हणूनच कळलावी नको, तिच्या कंदात हेच कोल्चिसिन असतं, आणि उगाळलेल्यात किती मिलिग्रॅम उतरलं ते कोण मोजणार. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळं फूल झकास दिसतं, तिथंच राहू दे. गोळीसुद्धा जास्त घेऊन जास्त गुण येत नाही, २०१० च्या एका मोठ्या चाचणीत तासाभरात दिलेले १.८ मिलिग्रॅम सहा तासांत दिलेल्या ४.८ इतकेच लागू पडले, जुलाब मात्र खूप कमी.

अजून एक, ह्या गोळीनं युरिक अॅसिड कमी होत नाही, खडे तिथंच राहतात, त्याचं औषध वेगळं. वडिलांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालतेय ते दाखवणारी रक्ताची तपासणी, झालंय का? नसेल तर डॉक्टरांना विचारून करून घ्या, आणि सर्दी-खोकल्याला क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर पुढची गोळी द्यायच्या आधी त्यांना फोन करा, दोन्ही एकत्र आली की कोल्चिसिन अंगात साठत जाते.