व्यूह दीर्घच, आणि 'मधली फळी'च

वणी तालुक्यातल्या एका गावातून एका भाऊंचा प्रश्न आला आहे. त्यांच्याच शब्दांत: "आमच्या गावच्या फुटबॉल टीममधी मधात तीन पोट्टे खेळवावे का दोन, याच्यावरून पानठेल्यावर रोज कल्ला होते. एक पार्टी ४-३-३ म्हणते, दुसरी ४-२-३-१. ते सोडा. पण मधातल्या पोट्ट्यायले 'मध्यरक्षक' म्हणाव का 'मधली फळी'? अन् फॉर्मेशनले काय म्हणाव, रणनीती, डावपेच का व्युहरचना?"

भाऊ, शेवटच्या शब्दापासून सुरुवात करतो, कारण तो वाचला आणि टाळकं सरकलं. तुमच्यावर राग नाही. स्पर्धेच्या फ्लेक्सवर, पेपरात, टीव्हीच्या खालच्या पट्टीवर, जिकडं पाहावं तिकडं हा ऱ्हस्व 'व्युह' पसरलेला आहे, तुम्ही तरी काय करणार? पण शब्द आहे व्यूह. वि अधिक ऊह. ऊह दीर्घ, म्हणून व्यूह दीर्घ. यात विकल्प नाही, सवलत नाही, 'आमच्याकडं असंच लिहितात' नाही.

बाकीचं चटकन उरकू. रणनीती म्हणजे लांबचा बेत. कोणत्या स्पर्धेत उतरायचं, पहिल्या सामन्यात बरोबरी चालेल का, उपांत्य फेरीसाठी कोणाला राखून ठेवायचं, ही रणनीती. डावपेच मैदानात घडतात: डाव्या अंगाला गर्दी जमवायची आणि एकदम उजवीकडं चेंडू फिरवायचा, कॉर्नरच्या वेळी त्यांच्या उंच पोट्ट्याला आपल्या ठेंगण्यानं नुसतं अडवून धरायचं. यातला पेच फारसी, म्हणजे पीळ. आणि ४-३-३ ही यातली कोणतीच गोष्ट नाही. कोण कुठं उभा राहणार एवढंच तो आकडा सांगतो: मागं चार, मधात तीन, पुढं तीन. त्याच ४-३-३ मध्ये एक संघ आपल्या गोलापुढं ठिय्या देऊन बसतो, दुसरा समोरच्याच्या नरड्याशी जातो. मांडणी तीच, डावपेच उलटे. तेव्हा "संघानं ४-३-३ची रणनीती आखली" असं म्हणणाऱ्या समालोचकाचा आवाज खुशाल बंद करावा.

'मध्यरक्षक' हा पेपरवाल्यांनी 'गोलरक्षक'च्या साच्यात पाडलेला शब्द. गोलरक्षक गोल राखतो, कबूल. मध्यरक्षक काय राखतो, मध्य? तो पोट्टा निम्मा सामना चेंडू पुढं वाटत हिंडतो. आपल्याकडची जुनी माणसं 'हाफ' म्हणतात, आणि त्याला निदान इतिहास आहे. २-३-५च्या जमान्यात मधल्या तिघांना हाफबॅक म्हणत. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला, पुढच्या खेळाडूसमोर तिघांऐवजी दोघेच विरोधक असले तरी चालू लागलं. मग प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमनच्या आर्सेनल या लंडनच्या क्लबनं मधला हाफ मागं खेचून बचावात उभा केला. माणूस मागं गेला, नाव तेच राहिलं. म्हणून इंग्रज आजही शुद्ध बचावपटूला सेंटर हाफ म्हणतो आणि नवशिक्या गोंधळतो.

'मधली फळी' मात्र अस्सल. फळी म्हणजे नुसतं लाकूड नव्हे. संस्कृत फलक म्हणजे पाट, आणि फलक म्हणजे ढालही. ढाली भिडवून उभी राहिलेली रांग ती फळी, असं माझं पक्कं मत आहे. म्हणून तर फळी धरतात, फळी फुटते, विरोधकाची फळी फोडतात. सुतारकामातून आलेल्या शब्दाला हे सगळे जोड मिळाले नसते. एका व्याकरणप्रेमी स्नेह्यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते रांग फळीसारखी सरळ दिसते, एवढ्यावरून शब्द आला. त्यांनी आपल्या तालुक्यातला एक तरी सामना बघावा आणि सरळ दिसणारी रांग मला दाखवावी.

आता मुद्द्याचं, म्हणजे माझ्या आवडीचं. ऊह या धातूचा अर्थ सारणं, हलवणं, जागेवर नेऊन ठेवणं. वि लागला की वेगवेगळं मांडणं, तो व्यूह. सम् लागला की एकत्र आणणं, तो समूह. म्हणजे एकाच घरातले दोन भाऊ, एक पांगवणारा, एक गोळा करणारा. मैदानावर प्रशिक्षक घसा फोडून ज्या दोनच गोष्टी ओरडतो, 'पांगा रे' आणि 'जवळ या रे', त्या या दोन भावांनी वाटून घेतल्या आहेत. तिसरा भाऊ प्रत्यूह, म्हणजे विघ्न, समोरून येऊन ढकलणारा. चौथी बहीण अक्षौहिणीत लपली आहे. अक्ष अधिक ऊहिनी. इथं साधा संधी केला तर 'अक्षोहिणी' व्हायला हवं होतं, आणि बरेच जण तसं लिहितातही. पण भाषेत औकार रुळलेला होता, म्हणून कात्यायन या जुन्या वैयाकरणाला पाणिनीच्या व्याकरणसूत्राला खास जोड द्यावी लागली: अक्षादूहिन्याम्. तिथंच शेजारी दुसरी जोड आहे, प्र पुढं ऊढ आला तरी औकार, म्हणून प्रौढ. आणि नवोढा मात्र सरळ ओकाराची. हा ऊढ म्हणजे वाहून नेलेला, वह् धातूचा, ज्याच्यापासून विवाह. गीतेच्या पहिल्याच अध्यायात दुर्योधन द्रोणाचार्यांना म्हणतो की पांडवांची ही सेना बघा, 'व्यूढां द्रुपदपुत्रेण', द्रुपदाच्या पोरानं मांडलेली, तुमच्याच शिष्यानं. (टोमणा बघा. समोरच्या संघाचा प्रशिक्षक आपल्याच गुरुजींनी घडवलेला!) हाच व्यूढा शब्द लग्न झालेल्या बाईलाही लागतो. मांडलेली सेना आणि मांडवातून निघालेली नवरी एकाच रूपात.

इथं संस्कृत-इंग्रजी कोशवाल्या मोनियर-विल्यम्स साहेबांशी माझं जुनं भांडण आहे. ते ऊह् चे दोन वेगळे कप्पे करतात: एक ढकलण्या-सारण्याचा, दुसरा विचार करण्याचा, ताडून पाहण्याचा. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, तर 'ऊह वितर्के' एवढंच आहे, विचाराचाच अर्थ. मी म्हणतो, हे दोन कप्पे कशाला? विचार करणं म्हणजे तरी काय? डोक्यातल्या गोष्टी इकडच्या तिकडं सारून पाहणंच ना! पुरावा मराठीतच आहे, ऊहापोह. ऊह म्हणजे तर्क लढवणं आणि अपोह म्हणजे दूर सारणं. साहेबांच्या हिशेबानं या एका शब्दाचा एक पाय या कप्प्यात आणि एक त्या. कोणता शब्द असा फाकून दीड-दोन हजार वर्षं उभा राहील? पानठेल्यावर रोज रात्री तुम्ही जे करता, सुपारीचे तुकडे काउंटरवर मांडून, "हा इथून तिकडं सरकला तर?", तो व्यूह आहे का ऊहापोह आहे? दोन्ही. धातू एकच. कोशवाल्यांनी एक संध्याकाळ ठेल्यावर काढली असती तर कप्पे पाडले नसते.

'व्यूहरचना' म्हणजे पुनरुक्ती, व्यूहातच रचना आली, असं काही शुद्धिवादी बजावतात. तर्कानं बरोबर, पण मराठी तर्कावर चालत नाही. कामधंदा, बाजारहाट, कागदपत्र हे सगळे आपण डबल बोलतोच. व्यूहरचना खुशाल म्हणा. फक्त दीर्घ. आणि दर वेळी 'चक्रव्यूह' नको. चक्रव्यूह हा अनेकांतला एक, तेराव्या दिवशी द्रोणांनी रचलेला. अभिमन्यू आत गेला आणि मागच्यांना जयद्रथानं दारातच रोखलं. पुढचा एकटा पडला, मागून कोणी पोचलं नाही. तुमच्या गेल्या सामन्याचं वर्णन याहून वेगळं असेल असं वाटत नाही.

आता एक गंमत, जी कोणी सांगत नाही. महाभारताच्या आदिपर्वात सेनेचा सगळ्यात लहान घटक दिला आहे, पत्ति. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ. बेरीज दहा. तीन पत्तींचं सेनामुख, तीन सेनामुखांचा गुल्म, असं तिपटीनं चढत अनीकिनीपर्यंत, आणि दहा अनीकिनींची अक्षौहिणी, म्हणजे २१,८७० रथ. पण त्या पत्तीकडंच बघा. रथ आणि हत्ती मिळून दोन, मग तीन, मग पाच. २-३-५! गोलकीपर सोडून दहा माणसांची हीच मांडणी १९२५च्या आधी सगळीकडं खेळली जायची. योगायोग आहे, शंभर टक्के योगायोग. यावरून "इंग्रजांनी फुटबॉल महाभारतातून चोरला" असा मजकूर कोणी गावच्या ग्रुपवर फिरवला तर माझं नाव घ्यायचं नाही.

आणि दोन का तीन? त्यावर कुरुक्षेत्रातच उत्तर आहे. कौरवांच्या अकरा अक्षौहिणी, पांडवांच्या सात. युधिष्ठिर अर्जुनाला बृहस्पतीचं मत ऐकवतो: संहतान् योधयेदल्पान् कामं विस्तारयेद्बहून्. थोडे असाल तर एकमेकांना धरून लढा, पुष्कळ असाल तर हवं तेवढं पसरा. आणि थोड्यांनी पुष्कळांशी लढायचं तर सूचीमुख, सुईच्या टोकासारखं. म्हणजे समोरचा संघ भारी असेल तर मधल्या फळीत अंतर ठेवू नका. हलका असेल तर तिघं पसरवा. ४-३-३वाले आणि ४-२-३-१वाले दोघंही अर्धे बरोबर, कोणाशी खेळायचं हे कोणीच सांगितलेलं नाही. कौटिल्य तर जागांची नावंही देतो: मधला उरस्य, टोकाचे पक्ष, आणि पक्ष व उरस्य यांच्यामधले कक्ष. मागं राखीव तो प्रतिग्रह. कक्ष म्हणजे आपली काख. हल्लीचे फुटबॉलपंडित बाजू आणि मध्य यांच्यामधल्या ज्या चिंचोळ्या पट्टीबद्दल तासन्‌तास बोलतात, ती हीच. चेंडू काखेत घ्या, गोल होईल.

पत्राच्या शेवटी भाऊंनी जाता जाता लिहिलं आहे की त्यांच्या गावातले पोट्टे मधल्या तिघांना 'तिफण' म्हणतात, आणि त्यातला एक मागं राहून खेळला की त्याला 'सरता'. तिफण म्हणजे तीन फणांचं पेरणीचं औत, आणि तिच्या मागं दोरीनं बांधलेला, पेरणीत तूर सोडत येणारा नळा तो सरता. भाऊ, हे असताना तुम्ही मला विचारता काय? दोघंच खेळवले तर दुफण म्हणा. पेपरवाल्यांनी उचलला तर उचलू द्या, पण ते छापताना सरताचा 'सरदार' करणार नाहीत एवढं बघा.