दोन्ही औषधांपुढे ‘आर’, तरी तीच का?

प्रश्न : सासरे आयसीयूमध्ये आहेत. नवव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला आणि ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) क्लेब्सिएला हा जंतू निघाला. मेरोपेनेम, सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम आणि अ‍ॅझ्ट्रिओनाम, तिन्ही अँटिबायोटिक्सपुढे ‘आर’ (रेझिस्टंट) आहे. तरी डॉक्टर यातलीच शेवटची दोन एकत्र देताहेत. टायजेसायक्लिनचा आकडा सर्वांत कमी, ०.५; ते का नाही? मानेतली लाइनही (शिरेत घातलेली नळी, कॅथेटर) काढून टाकली.

उत्तर : ‘आर’ म्हणजे ते औषध एकटं दिलं तर चालणार नाही. लॅब प्रत्येक औषध सुटं तपासते, जोडीचा निकाल नेहमीच्या रिपोर्टात येत नाही. तुमचा रिपोर्ट बहुधा एनडीएम या एन्झाइमचा आहे, म्हणजे जंतू बनवतो त्या औषध तोडणाऱ्या प्रथिनाचा. त्याची खात्री करणारी जंतूची जीन टेस्ट झाली आहे का, ते विचारा. एनडीएम मेरोपेनेम तोडतं, सेफ्टाझिडिम तोडतं आणि अ‍ॅव्हिबॅक्टमला जुमानत नाही. अ‍ॅझ्ट्रिओनाम मात्र त्याला तोडता येत नाही. मग तिथेही ‘आर’ का? त्याच जंतूकडे ईएसबीएलसारखी दुसरी एन्झाइम असतात, ती अ‍ॅझ्ट्रिओनामचा फडशा पाडतात. अ‍ॅव्हिबॅक्टम नेमकं त्यांना रोखतं. सेफ्टाझिडिम इथे जवळजवळ बिनकामाचं, ते फक्त अ‍ॅव्हिबॅक्टमच्या कुपीत सोबत येतं म्हणून. दोन्ही औषधं एकाच वेळी चढायला हवीत. एक सकाळी, दुसरं दुपारी झालं तर जोडी फुटली. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलं तर डोस बदलतो.

रिपोर्टातला तो ०.५ म्हणजे एमआयसी, जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं किमान प्रमाण. एमआयसीचे आकडे एका औषधाचे दुसऱ्याशी ताडू नयेत. टायजेसायक्लिन शिरेतून दिलं की झपाट्याने ऊतींमध्ये उतरतं, रक्तात तुटपुंजं उरतं. जंतू रक्तात असताना ०.५चा काय उपयोग?

लाइन काढली हे चांगलंच झालं. कॅथेटरच्या प्लास्टिकवर जंतू चिकट थर धरून बसतात, तिथे औषध पुरेसं पोचत नाही. लाइनमधून आणि हातातून एकाच वेळी, सारखंच रक्त घेतलं असेल तर एक गोष्ट पाहा : लाइनमधल्या रक्ताची कल्चरची बाटली हातातल्या रक्ताच्या बाटलीपेक्षा किमान २ तास आधी पॉझिटिव्ह आली असेल, तर उगम बहुधा तिथेच.

भेटायला जाल तेव्हा आत जाताना आणि बाहेर पडताना हँडरब २० ते ३० सेकंद चोळा. नळ्यांच्या जोडांना हात नको. औषधं सुरू होऊन ४८ ते ७२ तासांत ताप उतरला नाही, तर पुन्हा कल्चर पाठवलं का आणि कुठे गळू, पू किंवा जुना लघवीचा कॅथेटर राहिलाय का, हे डॉक्टरांना विचारा.