तुझा पेपर कुणी, कशासाठी वापरला?

पाषाण, पुणे

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

फेलोशिपच्या अर्जातला एच-इंडेक्सचा रकाना भरताना हात आखडतो, असं तू लिहिलंस. अगं, तीन पेपर असलेल्या माणसाचा एच-इंडेक्स तीनच्या पुढे जाऊच शकत नाही, मग ते पेपर कितीही मोलाचे असोत. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली मांडलेला हा हिशेब आहे: दहा पेपर प्रत्येकी किमान दहादा उद्धृत झाले, तर आकडा दहा. तो वयाबरोबर चढतो. पीएचडी करणाऱ्या मुलीची पारख त्यावरून करणं अन्यायाचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. खरा आकडा लिही आणि पुढे जा.

इम्पॅक्ट फॅक्टर तर जर्नलचा असतो. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळाली, म्हणजे ते किती वेळा उद्धृत झाले, एवढंच तो सांगतो. तुझ्या पेपरांच्या जर्नलांच्या इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज अर्जात मागितली तर दे, पण ती तुझ्या कामाची किंमत नव्हे.

त्यापेक्षा एक काम कर. तुझ्या पहिल्या पेपरला ज्यांनी उद्धृत केलंय, ते सगळे पेपर उघड आणि तुझं नाव ज्या वाक्यात आलंय ते वाक्य वाच. प्रस्तावनेत सात-आठ संदर्भांच्या घोळक्यात नाव असेल, तर बहुधा कुणी तुझा फक्त सारांश वाचलाय. पण 'पद्धती' या भागात असेल, तर कुणीतरी तुझा प्रयोग स्वतःच्या हाताने करून पाहिलाय. मला या दुसऱ्या सायटेशनचं मोल फार वाटतं. प्रथिनं मोजताना तुझ्या नळीत जो निळा रंग चढतो, त्या लाउरी पद्धतीचा १९५१ चा पेपर तीन लाखांहून जास्त वेळा उद्धृत झालाय. त्यात कुठल्या रोगाचा उलगडा नाही. पण कुणालाही करता येईल अशी कृती आहे. उलट, लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा 'लॅन्सेट'मधला १९९८ चा पेपर २०१० मध्ये मागे घेतला गेला, तरी त्याची सायटेशन ढीगभर आहेत. कितीतरी जणांनी तो खोडून काढायलाच उद्धृत केला.

आणि धीर धर. पुण्याजवळच्या सहा गावांत पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांच्या गटाने १९९३ मध्ये गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. बाळांचं वजन, दंडाचा घेर, कातडीखालची चरबी, सगळं मोजलं. इथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं, पण आपल्या बाळाचे स्नायू कमी असूनही चरबी मात्र टिकून होती. 'बारीक तरी चरबीयुक्त' बाळाचा तो पेपर २००३ साली आला. १९९६ मध्ये कुणी त्याची सायटेशन विचारली असती, तर काय दाखवणार होते?

म्हणून एकाच डेटाचे चार तुकडे करून चार पेपर करू नकोस. पैसे देऊन लेखकांच्या यादीत नाव घालून देणारे भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठव. आपल्याच पुणे विद्यापीठातून चालणारी विश्वासार्ह जर्नलांची यूजीसी-केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा जर्नलची पारख आता तुलाच करायची आहे.

नावाचंही बघ. एका पेपरवर वडिलांचं नाव मधे आहे, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, आणि उद्या लग्नानंतर आडनाव बदललंस तर तिसरंच. मराठी मुलींची निम्मी कामं अशी दुसऱ्याच कुणाच्या खात्यात गेलेली मी पाहिली आहेत. आजच ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे नाव बदललं तरी न बदलणारा संशोधकाचा ओळख क्रमांक, काढ, पेपरवर एकच नाव ठरव आणि कागदोपत्री काहीही बदललं तरी तेच चालू ठेव.

दुसऱ्या पेपरचा मूळ डेटा अजून तुझ्याच लॅपटॉपवर आहे ना? अर्ज पाठवण्याआधी तो सार्वजनिक भांडारात जमा कर, आणि अर्जाचा मसुदा मला शनिवारपर्यंत पाठव.

तुझा,
सर