लॅटिनमधलं 'पुएल्ला' वाक्यांतून कसं शिकावं?

'पुएल्ला' म्हणजे मुलगी. त्याच्या विभक्तिरूपांचा तक्ता पाठ आहे, पण वाक्य करताना रूप चुकतं, असं तुम्ही लिहिलंय. मराठी बोलणाऱ्यांची चूक इथे ठरलेल्या जागी होते, कारण आपण आपला प्रत्यय पाहून लॅटिन रूप निवडतो. तेव्हा तक्ता थोडा वेळ मिटा आणि वाक्यं मोठ्याने म्हणा. खाली 'ऽ' आला की स्वर लांबवायचा, आणि 'आय' तोडून न म्हणता एका दमात म्हणायचं.

पुएल्ला कान्तात. – मुलगी गाते.
आग्रिकोला पुएल्लाम विदेत. – शेतकरी मुलीला पाहतो.
आग्रिकोला पुएल्लाय रोसाम दात. – शेतकरी मुलीला गुलाब देतो.

क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच, त्यामुळे क्रमाचा त्रास नाही. त्रास आहे तो 'मुलीला'चा. मराठीत दोन्हीकडे 'ला', लॅटिनमध्ये एकदा पुएल्लाम (द्वितीया) आणि एकदा पुएल्लाय (चतुर्थी). ओळखायची युक्ती अशी: मुलीच्या जागी निर्जीव वस्तू घाला. 'शेतकरी घर पाहतो' म्हणताना 'ला' गळतो, म्हणून द्वितीया. 'शेतकरी घराला रंग देतो' यात तो राहतो, म्हणून चतुर्थी. बहुतेक साध्या वाक्यांत हे चालतं.

'आवडणे' मात्र आपल्याला फुकटात मिळतं. रोसा पुएल्लाय प्लाकेत, म्हणजे मुलीला गुलाब आवडतो. गुलाब कर्ता आणि मुलगी चतुर्थीत, रचना अगदी मराठीची.

सगळ्यात जास्त चुका 'ने'मुळे होतात. 'मुलीने शेतकऱ्याला पाहिलं' याचं लॅटिन आहे पुएल्ला आग्रिकोलाम वीदित. भूतकाळात अशा सकर्मक वाक्यांत आपण कर्त्याला 'ने' लावतो, लॅटिन लावत नाही. कर्ता प्रथमेतच राहतो. 'ने' दिसला म्हणून संस्कृतच्या सवयीने तृतीयेसारखं रूप शोधू नका.

ते रूप म्हणजे ॲब्लेटिव्ह, पुएल्लाऽ. संस्कृतच्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तिघींचं बरंचसं काम ते एकटंच करतं. आग्रिकोला कुम पुएल्लाऽ आम्बुलात, म्हणजे शेतकरी मुलीबरोबर चालतो. सोबतीच्या माणसाआधी 'कुम' हवंच. हत्याराआधी ते लागत नाही: हास्ताऽ पुग्नात, भाल्याने लढतो. पुएल्ला आणि पुएल्लाऽ यांत फरक फक्त शेवटच्या स्वराच्या लांबीचा आहे. साध्या छपाईत ती खूण नसते, म्हणून पहिल्या दिवसापासून कानाला सवय लावा.

षष्ठी सोपी आहे. कासा पुएल्लाय पार्वा एस्त – मुलीची झोपडी लहान आहे. चा-ची-चे असा बदल नाही. झोपडी असो की गुलाब, पुएल्लाय तेच.

आता पुएल्लाय चार ठिकाणी येतं: एकवचनी षष्ठी, एकवचनी चतुर्थी, अनेकवचनी प्रथमा आणि अनेकवचनी संबोधन. आधी क्रियापदाचं शेपूट बघा. पुएल्लाय कान्तान्त यात शेवटी 'न्त' आहे, म्हणजे मुली गातात. 'न्त' नसेल आणि वाक्यात देण्याचं क्रियापद असेल तर बहुधा चतुर्थी. तरी वरचं गुलाबाचं वाक्य 'मुलीचा गुलाब देतो' असंही लागू शकतं. तिथे संदर्भच निर्णय देतो.

उरलेली अनेकवचनी रूपं पटकन होतात: पुएल्लाऽस (मुलींना, कर्म), पुएल्लाऽरुम (मुलींचं), आणि चतुर्थी-ॲब्लेटिव्ह दोन्हींना पुएल्लीस. मग हीच वाक्यं फेमिना (बाई) घालून म्हणा, शेपटं तीच राहतात. फीलिया (लेक) घेतलीत तर एक अपवाद सांभाळा: 'फीलिईस' हे रूप मुलग्यांचंही असल्यामुळे लेकींसाठी बऱ्याचदा 'फीलिआऽबुस' वापरतात, आणि देवींसाठी त्याच कारणाने 'देआऽबुस'.