वाचकांचे प्रश्न: दोन अ‍ॅडम्स आणि एक समुद्र

प्रश्न: ‘बिकम ओशन’ जॉन अ‍ॅडम्सचं आहे ना? मित्र म्हणतो तो अ‍ॅडम्स वेगळा. नक्की काय?

मित्र बरोबर सांगतोय. ‘निक्सन इन चायना’ हा १९८७ चा ऑपेरा लिहिणारे ते जॉन अ‍ॅडम्स, आणि ‘बिकम ओशन’ ही ऑर्केस्ट्राची रचना लिहिणारे जॉन ल्यूथर अ‍ॅडम्स, जन्म १९५३, मिसिसिपीतलं मेरिडियन. दोघंही अमेरिकन, दोघंही हयात, आणि दोघांनाही संगीताचं पुलित्झर मिळालंय (एकाला २००३ ला, दुसऱ्याला २०१४ ला), त्यामुळे गोंधळ होणारच. पुढचे सगळे प्रश्न ल्यूथरबद्दलच आलेत, तर त्यांच्याबद्दलच बोलू.

प्रश्न: ‘बिकम ओशन’ पूर्ण ४२ मिनिटं ऐकलं. ट्यून नाही, स्टोरी नाही, काही घडतच नाही. माझं ऐकायचं चुकतंय का?

अजिबात नाही. तुम्ही काहीतरी घडायची वाट बघत बसलात, आणि सिम्फनीची सवय असलेला कुणीही तेच करेल. पण अ‍ॅडम्सना गोष्ट सांगायचीच नाहीये, त्यांना तुम्हाला एका जागेत नेऊन सोडायचंय. ऑर्केस्ट्राचे तीन गट केलेत, तंतुवाद्यं, लाकडी फुंकवाद्यं आणि ब्रास म्हणजे पितळी फुंकवाद्यं, स्टेजवर एकमेकांपासून लांब बसवलेले, आणि प्रत्येक गटाच्या लाटेची लांबी वेगळी, म्हणजे एक गट चढत असतो तेव्हा दुसरा ओसरत असतो, आणि अख्ख्या रचनेत तीनदाच तिन्ही लाटा एकदम माथ्यावर येतात. त्या तीन ठिकाणी खरंच छातीवर दाब आल्यासारखं होतं. आणि मध्यावर पोचलं की सगळं संगीत उलट्या दिशेने परत जायला लागतं, सुरवातीपर्यंत. कानाला हे कळत नाही, कळायची गरजही नाही, पण भरती-ओहोटीचा जो फील येतो ना, तो इथून येतो. मला तरी हे गणित आणि हा परिणाम इतके एकजीव झालेले फार कमी रचनांमध्ये सापडलेत.

सिएटल सिम्फनीने हे लिहून घेतलं, २०१३ ला लुडोविक मोर्लोंनी पहिल्यांदा कंडक्ट केलं. रेकॉर्डिंग ऐकून टेलर स्विफ्टने त्या ऑर्केस्ट्राला ५०,००० डॉलर दिले होते, म्हणजे फक्त जाणकारांनाच भिडतं असं काही नाही.

प्रश्न: ते आधी पर्यावरणाचं काम करायचे आणि ते सोडून संगीताकडे वळले म्हणे. एवढं गरजेचं काम सोडणं बरोबर होतं का?

मनापासून विचारलंय, म्हणून जरा सविस्तर. ७० च्या दशकात ते अलास्काला गेले तेच मुळी तिथल्या जमिनी वाचवायच्या चळवळीसाठी. १९८० ला त्या जमिनींच्या संरक्षणाचा कायदा झाला, १० कोटी एकरांहून जास्त जमिनीला संरक्षण मिळालं. नंतर अलास्कातल्याच फेअरबँक्स शहरातल्या एका पर्यावरण संस्थेचे ते डायरेक्टर होते, राहायला गावाबाहेर जंगलातली केबिन, नळाचं पाणी नाही, आणि शिवाय फेअरबँक्स सिम्फनी ऑर्केस्ट्रात टिंपनी (मोठे नगाऱ्यासारखे ढोल) वाजवायचे. मग त्यांनी ठरवलं की चळवळ दुसरं कुणीतरी पुढे नेईल, पण हे संगीत आपल्याशिवाय कोण लिहिणार. मला हा निर्णय पटतो, आणि तो पटण्याचं कारण त्यानंतरचं काम आहे. फेअरबँक्सच्या म्युझियममध्ये २००६ पासून त्यांची एक खोली आहे, ‘द प्लेस व्हेअर यू गो टू लिसन’. तिथे रेकॉर्ड केलेलं काहीच लावत नाहीत! सूर्य कुठे आहे, चंद्राची कला कोणती, जमीन किती हलतेय, ऑरोरा (ध्रुवाकडच्या आकाशातला रंगीत प्रकाश) आहे का, हा सगळा डेटा त्या-त्या क्षणी येतो आणि कॉम्प्युटर त्याचाच आवाज आणि रंग करतो. भूकंपाचे धक्के खोल ढोलासारखे, ऑरोरा असला की वर घंटा. खोलीत उभं राहून बाहेरची पृथ्वी ऐकायची. याला कुणी काम सोडणं कसं म्हणेल? ‘बिकम ओशन’च्या स्कोअरवरही (छापील स्वरलिपीवर) त्यांनी स्पष्ट लिहिलंय की ध्रुवावरचा बर्फ वितळतोय, समुद्र वर येतोय, आणि माणूस पुन्हा अक्षरशः समुद्र होऊन जायची शक्यता आहे.

प्रश्न: रेकॉर्डिंग ऐकून भागतं का? लाइव्हच ऐकायला हवं?

‘बिकम ओशन’ला भागतं, फक्त मोबाइलच्या स्पीकरवर नको कारण खालचे स्वर गायबच होतात, हेडफोन लावा आणि मध्ये पॉज करू नका. त्यांची ‘इनुक्सुइट’ ही तालवाद्यांची रचना मात्र लाइव्हच. ९ पासून ९९ पर्यंत कितीही तालवादक, उघड्या मैदानात नाहीतर जंगलात पांगलेले, ऐकणारे त्यांच्यामधून हिंडत असतात, आधी नुसते श्वास, मग शंख, मग ढोल-सायरनचा कल्लोळ, आणि शेवटी वाद्यांवर पक्ष्यांची गाणी, तोवर खरे पक्षीही त्यात मिसळलेले असतात. तुम्ही जिथे उभे असाल तसं ऐकू येणार, त्यामुळे शेजारच्यानेही वेगळंच ऐकलेलं असतं. हे दोन स्पीकरमध्ये कसं मावणार.