‘ओल तुमच्या भिंतीची’ असं दुकानदार म्हणतो तेव्हा

प्रश्न : आम्ही कर्वेनगरला तळमजल्यावर राहतो. इमारत जुनी आहे, बेडरूमच्या मागच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते. फेब्रुवारीत एका फर्निचरवाल्याकडून वॉर्डरोब आणि सिंकखालचं कपाट करून घेतलं, १,४२,००० रुपयांना. माप घ्यायला आलेल्या माणसाला भिंत दाखवली होती, दुकानदाराला व्हॉट्सॲपवर फोटोही पाठवला होता. ‘काळजी करू नका ताई, वॉटरप्रूफ बोर्ड आहे,’ असं उत्तर आलं. ऑगस्टमध्ये तळाच्या फळ्या फुगल्या, बिजागऱ्या स्क्रूसकट बाहेर आल्या, आतल्या साड्यांना बुरशी लागली. आमचा सुतार म्हणतो, हा भुशाचा बोर्ड आहे. दुकानदार म्हणतो, ओल तुमच्या भिंतीची, वॉरंटीत बसत नाही. बिलावर नुसतं ‘इंजिनिअर्ड वूड’ लिहिलंय. पैसे परत मिळतील का? आणि तोवर कपाट दुरुस्त करून घेऊ की तसंच ठेवू?

उत्तर : ताई, ‘ओल तुमच्या भिंतीची’ हा दुकानदाराला स्वतःचा बचाव वाटतो. मला तर तुमची केस तिथूनच सुरू होते असं वाटतं. भिंतीला ओल आहे हे तुम्ही लपवलं नव्हतं. दाखवलं होतं, फोटो पाठवला होता, आणि त्यावर त्याने खात्री दिली होती.

मालविक्री अधिनियम, १९३० चं कलम १६ नेमकं याच प्रसंगासाठी आहे. वस्तू कशासाठी हवी आहे हे गिऱ्हाइकाने सांगितलं, विकणाऱ्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवला आणि त्याचा धंदाही त्याच मालाचा असला, तर ती वस्तू त्या कामाला योग्य असेल ही अट करारात धरलीच जाते. कागदावर लिहिलेली नसली तरी. तुम्ही स्वतः हट्टाने अमुक कंपनीचा बोर्ड मागितला असता, तर त्याला पळवाट होती. तुमच्या पत्रावरून बोर्ड त्यानेच ठरवला असं दिसतं.

आता ‘वॉटरप्रूफ’बद्दल. तुमचा सुतार म्हणतो तो भुशाचा बोर्ड, म्हणजे पार्टिकल बोर्ड, हा लाकडाचा चुरा आणि चिपा रेझिनमध्ये (चिकट पदार्थात) कालवून गरम दाबाखाली बसवलेला तक्ता. साध्या बोर्डात बहुधा युरिया फॉर्माल्डिहाइडचं रेझिन असतं आणि ते सततच्या ओलीत टिकत नाही. पाणी शिरलं की दाबून बसवलेला चुरा पुन्हा मोकळा होऊ पाहतो, म्हणून कडा फुगतात आणि वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाहीत. वरचं लॅमिनेट कितीही चकचकीत असो, पाणी आत जातं ते कापलेल्या कडांतून, बिजागरीच्या भोकांतून आणि जमिनीला टेकलेल्या उघड्या तळातून. ओलावा जास्त सोसणारे बोर्ड मिळतात, पण सोसणं वेगळं आणि वॉटरप्रूफ वेगळं. ‘इंजिनिअर्ड वूड’ हा शब्दही सोयीचाच आहे. त्यात प्लायवूड, एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला बोर्ड) आणि भुशाचा बोर्ड असे तिन्ही बसतात, आणि गिऱ्हाईक बिचारं त्यातलं सगळ्यात चांगलं धरून चालतं.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली तक्रार करताना तीन गोष्टी मांडा : सदोष माल, सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा. मालाच्या दर्जाबद्दल खोटी खात्री देणं ही अनुचित प्रथाच आहे. कपाट ‘करून घेतलं’ म्हणजे माल घेतला की सेवा, यावर समोरचे वकील कीस पाडतील. दोन्ही लिहिलेलं असलं की ती पळवाट बंद होते. याच कायद्यात उत्पादन दायित्व (सदोष वस्तूने झालेल्या हानीची जबाबदारी) नावाचं एक प्रकरण आहे, पण त्याच्या मागे लागू नका. तिथे ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचं नुकसान वगळलेलं आहे.

वॉरंटी कार्डावर ‘ओलाव्याने झालेलं नुकसान धरलं जाणार नाही’ असं छापलेलं असेलच. ते कार्ड तुमच्या हातात कधी पडलं, ते आठवून लिहून ठेवा. पैसे घेऊन, माल पोचवून झाल्यावर दिलेल्या कार्डावरच्या बारीक अक्षरांनी आधी दिलेली खात्री पुसली जात नाही, असा युक्तिवाद ठामपणे करता येतो.

सगळं अवलंबून आहे ते त्या व्हॉट्सॲप संवादावर. तो आजच एक्स्पोर्ट करा, फोन बदलू नका, काही डिलीट करू नका. ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्याला न्यायालयाइतका काटेकोर बांधलेला नसतो. तरी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं) प्रमाणपत्र प्रिंटला जोडलेलं बरं. सुताराचं म्हणणं तोंडी ठेवू नका, शपथपत्र घ्या. गरज वाटल्यास आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण त्याची फी आधी तक्रारदारालाच भरावी लागते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. लोक इथे दोन टोकं गाठतात. कोणी रागाने कपाट भंगारात देतं आणि पुरावाच जातो. कोणी ‘पुरावा आहे’ म्हणून ते ओलीतच ठेवतं, मग समोरचा विचारतो, वाढलेलं नुकसान मी का भरू? करार अधिनियमाच्या कलम ७३ चं स्पष्टीकरणही तेच सांगतं : भरपाई ठरवताना नुकसान टाळायचे कोणते उपाय हाताशी होते, हेही पाहिलं जातं.

तेव्हा आधी तारखेसह फोटो आणि व्हिडिओ काढा. फुगलेल्या कडेशेजारी मोजपट्टी धरा, निघालेली बिजागरी आणि आतला चुरा स्पष्ट दिसू द्या. मग दुकानदाराला लिहून कळवा की सात दिवसांत येऊन पाहून जा, त्यानंतर मी कपाट हलवणार आहे. मुदत संपली की ते भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ओढा, खाली पीव्हीसीचे पाय लावून जमिनीपासून उचला, दारं उघडी ठेवून पंख्याने वाळवा. सगळ्यात जास्त फुगलेली एक फळी काढून कोरड्या जागी जपून ठेवा. ती घासू नका, रंगवू नका. बाकीच्या धडक्या फळ्यांच्या उघड्या कडा पूर्ण वाळल्यावर एज बँडने (कडेला चिकटवायच्या पट्टीने) किंवा वॉर्निशने बंद करून घ्या, सिंकच्या कापाला सिलिकॉन भरा. खर्चाची बिलं ठेवा, तीही दाव्यात धरता येतात, आणि साड्यांच्या ड्रायक्लीनिंगचीसुद्धा. कपाटामागे प्लॅस्टिकचा कागद लावायचा सल्ला कोणीतरी देईलच, तो ऐकू नका. ओल त्याच्याआड कोंडते आणि बुरशी वाढते.

सोसायटीलाही पत्र द्या. बाहेरच्या भिंतीतून येणारी गळती दुरुस्त करणं आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) सोसायटीचं काम आहे. पण पत्रात ‘तुमच्या भिंतीने माझं कपाट खाल्लं’ असं लिहू नका, उद्या तेच पत्र दुकानदार आयोगापुढे नाचवेल. भिंतीला ओल आहे, दुरुस्त करा, एवढंच लिहा आणि पोच घ्या.

दुकानदाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, १५ दिवस द्या. नोटीस सक्तीची नाही, पण बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. वाटल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा. नाही मिटलं तर पुणे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते आणि दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी शून्य. स्वतः बाजू मांडता येते, माझ्यासारख्या वकिलाची गरज पडेलच असं नाही. बिलावर दुसऱ्या शहराच्या न्यायक्षेत्राचा शिक्का असला तरी घाबरू नका, तुम्ही राहता तिथल्या आयोगात जायचा हक्क कायद्यानेच दिलाय. मुदत दोन वर्षांची. ती ऑगस्टपासून मोजता येईल असं वाटलं तरी फेब्रुवारीपासून मोजा, वाद नको. निकालासाठी कायद्यात तीन महिने लिहिलेत, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तेवढ्यावर भिस्त ठेवू नका.

पूर्ण १,४२,००० मिळतील असं वचन मी देणार नाही. सहा महिने वापर झालाय, काही फळ्या शाबूत आहेत. आयोग वजावट करू शकतो. म्हणून पहिल्या सुनावणीला मध्यस्थीचा विषय निघाला, तर लगेच नाही म्हणू नका. दुकानदार नवीन कपाट करून द्यायला तयार झाला, तर तळाच्या फळ्या आणि सिंकखालचं कपाट आयएस ७१० च्या (‘मरीन’ म्हणतात त्या, पाणी सोसणाऱ्या) प्लायमध्ये हवं, हे तडजोडीच्या कागदात आकड्यासकट लिहून घ्या. आणि कपाट बसून एक पावसाळा जाईपर्यंत ‘माझी काही तक्रार उरलेली नाही’ या ओळीखाली सही करू नका.